टर्मिनल (निवृत्त)

लखनौत मराठी माणसाची सगळी सोय होते, फक्त भांडायला कोणी मिळत नाही. म्हणजे भांडणं होतात; सब्जीवाल्याशी होतात, ई-रिक्शावाल्याशी होतात, पण ती हिंदीत. आणि हिंदीत भांडताना माझं निम्मं लक्ष दही 'खट्टा' की 'खट्टी' यात अडकलेलं असतं. तेवढ्यात समोरचा भांडण जिंकून निघून गेलेला असतो. घरात मराठी आहे, पण तिथे काही चालत नाही. मुलगी मैत्रेयी मराठीत ऐकते आणि हिंदीत उत्तर देते. पत्नी वीणा उत्तरच देत नाही, नुसती बघते.

म्हणून हेमचंद्र कानडे हा माणूस मी जिवापाड जपायला हवा होता.

कानडे हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी सिग्नल विभागात, म्हणजे तारा, केबली आणि संदेश यांच्या संगतीत. मी बँकेतून निवृत्त झालो, शाखा व्यवस्थापक म्हणून. दोघांचीही घरं वृंदावन योजनेतल्या एकाच सोसायटीत. बायको गेल्यापासून कानडे एकटेच राहतात. संध्याकाळी उद्यानातल्या बाकावर आम्ही बसायचो आणि मराठीत, मनसोक्त, मुद्देसूद भांडायचो. एकमेकांना आडनावाने हाक मारायची आणि अहो-जाहो करायचं, हा आमचा शिरस्ता. अरे-तुरेने भांडणाला भारदस्तपणा येत नाही.

आमचं सर्वांत जुनं भांडण दसऱ्याचं. इथे आपटा मिळत नाही. कानडे दरवर्षी त्यांच्या ओळखीच्या वसाहतीतल्या कांचनाच्या झाडाची पानं तोडून आणतात, माझ्या हातावर ठेवतात आणि म्हणतात, "सोनं घ्या." मी दरवर्षी म्हणतो, "कानडे, हा आपटा नाही. हा कांचन आहे." ते म्हणतात, "सोनं म्हणून दिलं, सोनं म्हणून घेतलं, की झालं सोनं." मी म्हणतो, "वस्तू मुळात जी असते तीच असते." मग पुऱ्या गार होईपर्यंत आमचं चालतं. वीणाने हल्ली पुऱ्या आमचं भांडण संपल्यावरच तळायच्या, असं ठरवून टाकलं आहे.

यंदा दसऱ्याच्या आधी आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षा शर्मिष्ठाताई यांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक कल्पना मांडली. दसऱ्याला आलमबागच्या हॉलमध्ये सामुदायिक यंत्रपूजा करायची. प्रत्येक कुटुंबाने ज्या साधनावर आपलं घर चाललं ते एक साधन आणायचं, त्याला हळदकुंकू वाहायचं. कल्पना उत्तम होती. शर्मिष्ठाताईंच्या कल्पना उत्तमच असतात, निस्तरायच्या वेळी त्या माहेरी असतात.

माझं साधन आमच्या पोटमाळ्यावर होतं. अमीनाबादच्या शाखेत नव्वदच्या दशकात पहिल्यांदा संगणक आला, तेव्हा खरा संगणक काचेच्या खोलीत, वातानुकूलित, आणि आमच्या टेबलांवर फक्त टर्मिनलं. जाड पडदा, जड कळफलक, मागून निघालेली एक केबल. आपण टाइप करायचं, ते आतल्या खोलीत जायचं, उत्तर हिरव्या अक्षरांत परत यायचं. दसऱ्याला मी त्याला झेंडू वाहायचो आणि वरिष्ठ हिंदीत विचारायचे की हे काय चाललंय. नवीन संगणक आले तेव्हा भंगारात निघालेलं माझं टर्मिनल मी रीतसर घरी आणलं. तेव्हापासून ते वीणाच्या जुन्या साडीत गुंडाळलेलं पोटमाळ्यावर होतं. त्या जागेवर तिला कुकर ठेवायचा होता.

मी ते खाली काढलं, पुसलं, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'माझं टर्मिनल.'

अंगठे आले, जोडलेले हात आले, आणि मग कानड्यांचा संदेश आला. 'हे टर्मिनल नाही.'

मी थोडा वेळ वाट पाहिली. माणूस एखादं वाक्य अर्धवट टाइप करून पुढे पूर्ण करतो. कानड्यांनी पूर्ण केलं. 'टर्मिनल म्हणजे तारेचं टोक. जे कशाला तरी जोडलेलं आहे ते टर्मिनल. माळ्यावर साडीत गुंडाळलेला तो काचेचा डबा. कृपया फोटोखालची ओळ दुरुस्त करावी.'

'कृपया' आणि 'करावी' हे शब्द मराठी माणूस फक्त अपमान करायचा असेल तेव्हाच एकत्र वापरतो. मी उत्तर दिलं की जे टर्मिनल म्हणून घडवलं गेलं ते टर्मिनलच असतं, केबल असो वा नसो. मग काय, ज्याला त्याला वाचा फुटली. विश्वजित हा सॉफ्टवेअरवाला तरुण म्हणाला, 'काका, टर्मिनल तो वो काली वाली विंडो होती है, लॅपटॉप में.' खिडकीला कोणी हळदकुंकू वाहतं का, असं मी विचारलं. यमुनाबाईंनी एटीएमचा फोटो टाकला. कोणीतरी आलमबागच्या बस टर्मिनलचा टाकला आणि खाली हसणारे चेहरे लावले. असा माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं असतं. शर्मिष्ठाताईंनी मतदान घेतलं. त्यात 'सुप्रभात' या पर्यायाला सर्वाधिक मतं पडली, तो पर्याय कसा आला हे कळलं नाही.

एव्हाना थांबायला हवं होतं. वीणा तसं म्हणालीही. पण मला दुसरंच काहीतरी टोचत होतं. केबल काढली की टर्मिनल टर्मिनल राहत नाही, हे एकदा मान्य केलं, तर मग शाखा काढून घेतलेला शाखा व्यवस्थापक कोण? त्या दिवशी बँकेत पासबुक छापायला गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीने मला 'अंकल, लाइन में आइए' म्हटलं होतं. ते डोक्यात होतं, आणि बोटं टाइप करत होती.

मी लिहिलं: 'कानडे, तुमच्या व्याख्येने निवृत्त माणूसही अडगळच. मग नावाआधी अजून वॉरंट ऑफिसर कशाला लावता? तुमची केबल तर सरकारने केव्हाच काढली.'

कानड्यांचं उत्तर आलं: 'बरोबर आहे.' त्याखाली करड्या अक्षरांत ओळ उमटली, की ते ग्रुपमधून बाहेर पडले.

त्या संध्याकाळी ते उद्यानात आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, पण पलीकडच्या बाकावर बसले. आमचा अबोला सुरू झाला.

आता माणूस काय करतो? माणूस सरळ जातो आणि माफी मागतो. मी मात्र आधी आपण बरोबर होतो हे सिद्ध करायला निघालो, म्हणजे मग मोठ्या मनाने माफी मागता येईल. इंटरनेटवर एक मुक्त ज्ञानकोश आहे, कोणीही त्यात भर घालावी असा. तिथल्या टर्मिनलच्या लेखात मी इंग्रजीत एक परिच्छेद घातला, अमीनाबाद शाखेच्या दाखल्यासह. चहा होईपर्यंत तो कोणीतरी पुसला. कारण दिलं होतं की ही माहिती लेखकाच्या स्वतःच्या अनुभवावर आधारित असल्यामुळे ग्राह्य नाही. मी जन्मभर जे टेबल सांभाळलं त्याबद्दल माझाच अनुभव अग्राह्य! मी चर्चेच्या पानावर निषेध नोंदवला. तिथे एका अज्ञात विद्वानाने मला तपशीलवार खोडून काढलं. जोडणीशिवाय टर्मिनल ही संकल्पनाच संभवत नाही, वगैरे. मी उत्तर दिलं. त्याने प्रत्युत्तर दिलं. त्याच्या शेवटी इंग्रजीत एक वाक्य होतं, ज्याचा शब्दशः अर्थ होता, 'महोदय, या विषयाला तिखटमीठ लावू नये.'

जगात कोणता इंग्रज तिखटमीठ लावतो?

मी उठून खिडकीशी गेलो. पलीकडच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, कानड्यांच्या खोलीत दिवा होता. ते मला ओळखून होते हेही उघड होतं, कारण अमीनाबाद शाखेचं उदाहरण देणारा पृथ्वीवर दुसरा कोण असणार? तरी दोघांपैकी कोणी काही बोललं नाही. आम्ही रोज एकमेकांना 'महोदय' म्हणून इंग्रजीत भांडू लागलो आणि संध्याकाळी वेगवेगळ्या बाकांवर बसू लागलो. मला त्या इंग्रजी भांडणाची वाट पाहायची सवय लागली, हे सांगायला लाज वाटत नाही. पण त्यात मजा नव्हती. इंग्रजीत 'काहीतरीच काय बोलता' म्हणता येत नाही.

पुरावे गोळा करायचं वेड मात्र वाढलं. चौक बाजारात वीणा चिकनकारीच्या भरतकामाचा कुर्ता घेत होती. कार्ड घासल्यावर आलेल्या पावतीवर टर्मिनल क्रमांक छापलेला मी पाहिला आणि मोबाइल काढून त्या यंत्राचे पुढून, मागून, केबलीसकट फोटो घेऊ लागलो. दुकानदाराचा चेहरा उतरला. "भाई साहब, आप किस महकमे से हैं?" त्याने हळूच विचारलं. मी म्हटलं, "रिटायर्ड हूँ, बस परिभाषा देख रहा हूँ." परिभाषा हे खात्याचं नाव असावं असं त्याला वाटलं. त्याने चहा मागवला, आतल्या माणसाला शटर अर्धं ओढायला सांगितलं, आणि वीणाला कुर्त्यावर एक दुपट्टा तसाच बांधून दिला. तो परत करताना आमची जी शोभा झाली ती वेगळीच.

घराखाली सब्जीवाला उभा होता. दुधी तोलता तोलता तो म्हणाला, "कानडे साहब तो जा रहे हैं ना? दिवाली के बाद. बेटी के पास, जबलपुर. आपको तो मालूम ही होगा."

मला मालूम नव्हतं. मी "हाँ हाँ" म्हटलं आणि दुधी न घेताच वर आलो.

वर आल्यावर वीणाने विचारलं, "तुम्हाला नक्की काय हवंय? व्याख्या हवी आहे, की कानडे भावजी हवे आहेत?"

"दोन्ही," मी म्हणालो.

मैत्रेयी लॅपटॉपमधून मान न उचलता म्हणाली, "बाबा, ये वही पत्तों वाला झगड़ा है. आप कहते हो चीज़ जो बनी वही है, काका कहते हैं जो काम करे वही है. हर साल लड़ते हो. इस बार बस किसी ने लिखकर भेज दिया."

पोरगी मराठी बोलत नसली तरी ऐकते नीट. मला रात्रभर तेच आठवत राहिलं. बाकावर बोललेलं हवेत विरून जातं आणि पुऱ्या तळल्या जातात. लिहिलेलं तिथेच बसून राहतं, आणि वर तारीख असते. दिवाळीनंतर त्या बाकावर मी एकटा बसणार, आणि बरोबर असणार. बरोबर असून कोणाला सांगणार होतो?

तेव्हा ठरवलं, टर्मिनल दसऱ्याला चालू स्थितीत न्यायचं. जोडलेलं असलं तर कानड्यांच्या व्याख्येनेही ते टर्मिनल होतं, म्हणजे हार मान्य न करता मला हरता येत होतं. पण त्याला लागते ती पंचवीस पिनांची केबल. ती शोधत मी संगणकांच्या सुट्या भागांचं नाझा मार्केट पालथं घातलं. एक दुकानदार म्हणाला, "अंकल, ये केबल तो अब म्यूज़ियम में मिलेगी." दुसऱ्याने विचारलं, ही प्रिंटरची का? मी पुढचं दुकान गाठलं. केबल मिळाली नाही.

दसऱ्याच्या सकाळी केबलीविनाच निघालो, तर सोसायटीच्या फाटकावर गार्डने अडवलं. कोणतंही उपकरण बाहेर न्यायचं तर गेट पास लागतो, आणि गेट पास मोबाइलमधल्या ॲपवर निघतो. ॲपमध्ये फ्रिज, टीव्ही, कूलर, वॉशिंग मशीन एवढ्याच वस्तू. "टर्मिनल लिहो," मी म्हणालो. "नहीं है सर," तो म्हणाला, "'अन्य' में डालेंगे तो सेक्रेटरी साहब का अप्रूवल लगेगा." सेक्रेटरी श्रीवास्तवजी आंघोळीला गेले होते, नंतर पूजेला बसले, नंतर फोनवर आले आणि अतिशय गोड आवाजात म्हणाले, "खांबेटे साहब, त्योहार का दिन है, टीवी लिखवा दीजिए, क्या फ़र्क़ पड़ता है?" काय फरक पडतो! महिनाभर मी ज्या फरकासाठी माणूस गमावून बसलो होतो, तो श्रीवास्तवजींना दिसत नव्हता. पण ई-रिक्शावाला ओरडत होता, आणि वीणाच्या मांडीवर एका बाजूला कळफलक, दुसऱ्या बाजूला श्रीखंडाचा डबा होता. मी मान हलवली. गार्डने पास छापला आणि डिंकाने थेट काचेवर चिकटवला. 'पुराना टीवी, एक नग.'

तो पास निघेना. सोलायला गेलो तर कागद फाटे आणि अक्षरं राहत.

हॉलमध्ये पांढऱ्या चादरीवर सगळ्यांची साधनं मांडली होती. कोणाचा स्टेथोस्कोप, कोणाचं शिवणयंत्र, विश्वजितचा लॅपटॉप, यमुनाबाईंचा शाळेतला खडूचा डबा. मी माझं टर्मिनल एका कोपऱ्यात ठेवलं. सगळ्यांत मागच्या खुर्चीवर, आमच्याकडे पाठ करून, कानडे बसले होते. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यातून कांचनाची पानं डोकावत होती.

मांडणी बघणारा सतीश वाकून मोठ्याने वाचू लागला. "पुराना टीवी, एक नग. खांबेटेकाका, टीव्ही कशाला आणलात? तुमचं घर टीव्हीवर चाललं?"

लोक हसले. शर्मिष्ठाताई म्हणाल्या, "अहो राहू दे, टीव्ही तर टीव्ही, त्यालाही वाहू कुंकू."

मी बोलणार तेवढ्यात मागची खुर्ची सरकली. कानडे उठले आणि तरातरा पुढे आले. माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ सतीशसमोर उभे राहिले.

"टीव्ही?" ते म्हणाले. "याला डबा म्हणा, मॉनिटर म्हणा, मी ऐकून घेईन. पण टीव्ही? टीव्ही तुमचं ऐकतो का कधी? तो नुसता बोलतो. हे ऐकतं. तुमचं म्हणणं पुढे पोचवतं, उत्तर येईपर्यंत थांबतं, आलेलं उत्तर जसंच्या तसं दाखवतं. अहो, ज्या वस्तूला थांबून ऐकता येतं तिला टीव्ही म्हणता?"

"काका, मी नाही म्हटलं, कागदावर लिहिलंय," सतीश गयावया करू लागला.

"सतीश," मी म्हणालो, "यांना सांगा, तो कागद मी लिहिलेला नाही."

"सतीश," कानडे म्हणाले, "यांना सांगा, कागद पाण्याने भिजवला की निघतो. बँकेत पाकिटं उघडायला हेच करत असतील."

सतीश पाणी आणायला गेला आणि परत आला नाही, त्यामुळे मध्ये कोणी उरलं नाही. कानड्यांनी पिशवीत हात घातला. पानं बाजूला सारली आणि खालून एक गुंडाळी काढली. करड्या रंगाची, जाड, पंचवीस पिनांची केबल. तिच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉपला बसेल असा छोटा जोड होता.

दसऱ्याच्या पूजेला कोणता माणूस पिशवीत असली केबल घेऊन येतो? मी त्यांच्याकडे पाहिलं. ते केबलीकडे पाहत होते.

"घरात पडली होती," ते म्हणाले. पण तिच्यावर दुकानाचं नवं रबर होतं.

आमच्याबरोबर आलेल्या मैत्रेयीने स्वतःचा लॅपटॉप जोडला. कानडे तिला काहीतरी आकडे सांगत गेले, ती टाइप करत गेली. दोनदा पडद्यावर नुसता कचरा उमटला. मग पडदा कोरा झाला, आणि वरच्या कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत ते एक शब्दाचं विचारणं आलं, जे रोज सकाळी शाखेत पहिल्यांदा दिसायचं. लॉगिन?

मी खुर्ची ओढून बसलो आणि बोटं आपोआप चालली. बँकेतलं माझं नाव, बँकेतला माझा पासवर्ड. एंटर.

पडद्यावर उत्तर आलं: लॉगिन चुकीचं.

कानडे हसले. महिन्याभरात पहिल्यांदाच हसले. "ओळखत नाही तुम्हाला," ते म्हणाले.

"ओळखत नसेल," मी म्हणालो, "पण उत्तर तर देतंय."

"हो," ते म्हणाले. "तेवढं पुरतं."

मी कळफलक बाजूला सारला. मग मी म्हणालो, "कानडे, ते सरकारने केबल काढल्याचं जे लिहिलं, ते वाईट लिहिलं. मला माझंच वाईट वाटत होतं, ते तुमच्यावर काढलं. चुकलो मी."

"चुकलातच," ते म्हणाले. त्यांनी मंडळाच्या टेबलावरून एक कोरं कार्ड उचललं, त्यावर सुवाच्य अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि टर्मिनलला टेकवून ठेवलं. मी चष्मा लावून वाचलं. 'टर्मिनल (निवृत्त).'

"कंस महत्त्वाचा," ते म्हणाले. "हुद्दा राहतो. आमच्याकडे तसंच लिहितात."

शर्मिष्ठाताईंनी हळदकुंकू वाहिलं. विश्वजितने झेंडू ठेवला. मग पानं वाटायची वेळ झाली. कानडे सगळ्यांना देत देत शेवटी माझ्यापाशी आले. हातावर पान ठेवलं.

"सोनं घ्या."

मी पान घेतलं. कांचनाचंच होतं, मोठं, ठसठशीत, आपट्याशी नावापुरतं नातं सांगणारं. दिवाळीनंतर हे झाड इथेच राहणार होतं आणि पानं आणणारा जबलपूरला. मी पान कपाळाला लावलं, खिशात ठेवलं, आणि काही बोललो नाही. यंदा ते म्हणतील ते सोनं, असं मी मनाशी ठरवूनच आलो होतो.

कानडे पुढे गेले नाहीत. तिथेच उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळत गेलं.

"काय हो खांबेटे," ते म्हणाले, "बोलत का नाही? अजून राग आहे?"

वीणाने माझ्याकडे पाहिलं. हॉलच्या स्वयंपाकघरातून आलेल्या तिच्या हातात पुऱ्यांची कणीक होती.

"कानडे," मी म्हणालो, "हा आपटा नाही."

त्यांनी मोठा श्वास सोडला, माझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि नीट बैठक मारून बसले.

"वहिनी," ते म्हणाले, "पुऱ्या इतक्यात तळू नका."